भुईखालचा गडगडाट

पाऊस ओसरू लागला की मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर एक बातमी हटकून येते. अमुक तालुक्यातल्या तमुक गावात भूगर्भातून गूढ आवाज, ग्रामस्थांत घबराट. दोन दिवसांनी तहसीलदार गावाला भेट देतात. भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा एखादा अधिकारी किंवा विद्यापीठातला भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक येतो. चावडीपुढे लोक जमतात, 'घाबरू नका, अफवांवर विश्वास ठेवू नका' असे सांगितले जाते आणि गाड्या परत जातात. बातमी तिथे संपते. आवाज मात्र त्याच रात्री पुन्हा येतो.

अशा गावातली माणसे आवाजाचे वर्णन कसे करतात ते नीट ऐकावे. लांबच्या विहिरीत सुरुंग उडाल्यागत दणका बसला, असे कोणी सांगते. भरलेला ट्रक घराखालून गेल्यासारखी घरघर झाली, असे दुसरा सांगतो. पत्रे थडथडले, मांडणीवरची भांडी वाजली, दावणीची जनावरे उठून उभी राहिली. आवाज आधी आला आणि थरथर मागून आली, असे बहुतेक जण सांगतात. कधी नुसताच आवाज येतो, हादरा नसतो. आणि एक तक्रार सगळीकडे सारखीच असते: तीन-चार कोसांवरच्या गावाला विचारले तर ते म्हणतात, आम्हाला काहीच ऐकू आले नाही. त्यामुळे आवाज ऐकणारे गाव खोटे पडते आणि नातेवाईकही हसतात.

या वर्णनांत अतिशयोक्ती फार कमी आहे, हे आधीच सांगून टाकतो. त्यातला जवळजवळ प्रत्येक तपशील भूकंपशास्त्राशी जुळतो. जुळत नाही ती आपली ऐकून घेण्याची रीत.

आवाजाला कारण हवे असते आणि ते गावाने आपापल्या परीने शोधलेले असते. सर्वांत जुने उत्तर शेषनागाचे. पृथ्वी त्याच्या फण्यावर आहे, भार या फण्यावरून त्या फण्यावर घेताना ती हलते, ही समजूत घरोघरी आहे. महाभारताच्या आदिपर्वातली कथा मात्र थोडी वेगळी आहे. तिथे पृथ्वी आधीपासूनच डळमळती आहे आणि ती स्थिर राहावी म्हणून ब्रह्मदेव शेषाला ती धारण करायला सांगतो. म्हणजे शेष हा हलवणारा नाही, तोलून धरणारा आहे. भुईखाली गडगडले की जुनी माणसे हात जोडतात, त्यामागे भीतीबरोबर ही जाणीवही असावी असे मला वाटते.

दुसरे उत्तर गुप्तधनाचे. जमिनीखाली मोहरांचे हंडे असतात, ते साखळदंडांनी बांधलेले असतात आणि अमावस्या-पौर्णिमेला एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकतात, तेव्हा साखळ्यांचा खळखळाट ऐकू येतो. ही गोष्ट विदर्भापासून कोकणापर्यंत विहिरींच्या, डोहांच्या आणि पडक्या गढ्यांच्या नावाने सांगितली जाते. ऐकायला ती मोहक आहे, पण तिने माणसे मारली आहेत. गुप्तधनासाठी होणारे अघोरी प्रकार रोखण्याची तरतूद महाराष्ट्राला २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात करावी लागली. म्हणून भुईखालचा आवाज ऐकून कोणी मांत्रिक 'इथे धन आहे' म्हणू लागला, तर ती निरुपद्रवी लोककथा समजून सोडून देऊ नये. तिसरे उत्तर ग्रामदैवताच्या कोपाचे: जत्रा चुकली, पालखी निघाली नाही, देवाच्या जागेवर कोणी नांगर घातला. या उत्तराचा उपद्रव कमी. उलट, त्यातून गाव एकत्र येते, भांडणे मिटतात, सगळे एका मांडवात रात्र काढतात. भूकंपाच्या भीतीत उघड्यावर एकत्र झोपणे ही कृती देवाच्या नावाने झाली तरी योग्यच ठरते.

आणि या प्रश्नाचा भारतीय आढावा आजचा नाही, सहाव्या शतकातला आहे. वराहमिहिराने बृहत्संहितेत भूकंपलक्षणाचा स्वतंत्र अध्याय लिहिला आणि सुरुवातीलाच आपल्या आधीच्यांची मते मांडली. पाण्यात राहणारे प्रचंड प्राणी हलतात म्हणून भूकंप होतो, असे काहींचे मत. पृथ्वीच्या भाराने थकलेले दिग्गज, म्हणजे दिशांचे हत्ती, विसावा घेतात म्हणून होतो, असे दुसऱ्यांचे. वारा वाऱ्यावर आदळून आवाज करत जमिनीवर कोसळतो, हे तिसरे मत. आणि अदृष्टामुळे, म्हणजे प्राण्यांच्या पूर्वकर्मांमुळे तो होतो, हे चौथे. तिसऱ्या मतात आवाजाचा उल्लेख मुद्दाम आला आहे, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. त्याच्याही कितीतरी आधी ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने जमिनीच्या पोटात कोंडलेल्या वायूला जबाबदार धरले होते आणि हादऱ्याशिवाय नुसता आवाजही येतो, अशी नोंद केली होती. दोन वेगळ्या भूमींवरच्या विचारवंतांना कंपाबरोबर आवाजाचाही हिशेब द्यावासा वाटला, याचा अर्थ त्यांनी गावकऱ्यांचे ऐकले होते.

जगात अशा आवाजांना ठिकठिकाणी नावे मिळाली आहेत. आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण 'बारिसाल गन्स'चे. आज बांगलादेशात असलेल्या बारिसालच्या खाडीमुखी प्रदेशात पावसाळ्याच्या दिवसांत समुद्राच्या बाजूने तोफांसारखे बार ऐकू येत. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याच्या नोंदी केल्या आणि १८९५ साली चार्ल्स डार्विन यांचे पुत्र जॉर्ज डार्विन यांनी 'नेचर' नियतकालिकात हा विषय काढताच बेल्जियमच्या किनाऱ्यापासून अनेक ठिकाणांहून तशाच आवाजांची पत्रे आली. बारिसालच्या पायाखाली गाळाचे जाड थर आहेत, दख्खनसारखा कठीण खडक नाही. तिथल्या बारांचे कारण आजही एकमताने ठरलेले नाही.

अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या मूडस गावाचे नावच तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत आवाजांच्या जागेवरून पडले आहे. ते लोक तिथला आवाज ही आपल्या देवतेची वाणी मानत. गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्यावर सैतानाच्या आणि जादुई रत्नांच्या गोष्टी रचल्या. शेवटी १९८० च्या दशकात भूकंपमापक यंत्रे बसवली तेव्हा कळले की गावाखाली अवघ्या दीड-एक किलोमीटर खोलीवर अगदी बारीक बारीक भूकंप होत आहेत. ते इतके लहान की अंगाला कळू नयेत, आणि इतके उथळ की कानाला मात्र ऐकू यावेत. आपल्या गावांतल्या कोड्याची किल्ली हीच आहे.

खडकात ताण साठतो आणि तो एखाद्या भेगेपाशी सुटतो तेव्हा दोन तऱ्हेच्या लाटा निघतात. पहिली, दाबाची लाट, कठीण खडकातून सेकंदाला पाच-सहा किलोमीटर वेगाने धावते. दुसरी, आडवी हलवणारी लाट, तिच्यामागून येते. पहिली लाट जमिनीच्या पृष्ठभागावर पोचते तेव्हा जमीन ढोलाच्या कातड्यासारखी हवेला धक्का देते. त्या धक्क्याची कंपने सेकंदाला वीसपेक्षा जास्त असतील तर माणसाच्या कानाला ती ऐकू येतात. भांडी पाडणारा जोर मात्र दुसऱ्या लाटेत असतो. म्हणूनच आवाज आधी आणि थरथर मागून. भूकंप आठ किलोमीटरवर झाला असेल तर दोन्हींत जेमतेम सेकंदाचे अंतर पडते, तरीही गावातली म्हातारी ते बरोबर ओळखते.

लहान भूकंपात ही जलद कंपने भरपूर असतात, पण ती खडकातून फार लांब टिकत नाहीत. काही किलोमीटरांतच विरून जातात. शेजारच्या गावाला आवाज ऐकू येत नाही, याचे साधे उत्तर हे आहे. ज्या गावाखाली आवाज होतो त्यालाच तो कळतो. वर्षानुवर्षे खोटी ठरलेली गावे खरे बोलत होती.

दख्खनचा खडकही या कामाला अनुकूल आहे. आपल्याकडे विहीर खोदताना मुरूम लागतो, मांजऱ्या हा मऊ खडक लागतो, मग काळा पाषाण, पुन्हा मांजऱ्या, पुन्हा पाषाण. लाव्हाचे हे थर एकावर एक रचलेले आहेत आणि त्यांना उभ्या-आडव्या भेगा आहेत. किल्लारीला घेतलेल्या संशोधन विवरात हा काळा खडक ३३८ मीटरवर संपला आणि त्याखाली जुना ग्रॅनाइट लागला. कोयनेजवळ गोठणे येथे २०१७ मध्ये तीन किलोमीटरहून खोल विवर पूर्ण झाले. तिथे लाव्हाचे थर बाराशे मीटरांहून जाड निघाले. ताण साठतो तो बहुतेक या खालच्या ग्रॅनाइटात. तो कठीण असतो, त्यामुळे त्यातून निघालेली जलद कंपने वरपर्यंत शाबूत पोचू शकतात.

आता महाराष्ट्राच्या स्वतःच्या नोंदी पाहू. कोयना धरणाचा शिवाजीसागर जलाशय १९६२ च्या सुमारास भरू लागला आणि लगेच आसपासच्या गावांतून सुरुंग उडाल्यासारखे आवाज आणि हलके धक्के यांच्या तक्रारी येऊ लागल्या. लोकांच्या तक्रारी आधी आल्या, यंत्रे नंतर बसली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे जो भूकंप झाला त्यात सुमारे १८० माणसे गेली. धरणाच्या पाण्याशी निगडित भूकंपांचा जगभर जो अभ्यास होतो, त्यात कोयनेचे नाव सर्वांत आधी येते. १९८३ साली शहापूर तालुक्यात भातसा धरणाच्या परिसरात असेच धक्के सुरू झाले. तिथे मोठा अनर्थ झाला नाही.

किल्लारीविषयी सावकाश बोलले पाहिजे. १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात किल्लारी परिसरात धक्के बसले. त्यांच्याबरोबर आवाजही होते. लोक धास्तावले, अर्जफाटे झाले. पुढे धक्के ओसरले. भूकंपाच्या जुन्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात धरलेला होता, त्यामुळे धीर देणाऱ्यांनीही तो प्रामाणिकपणेच दिला असणार. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास, अनंत चतुर्दशीची विसर्जने आटोपून गावे झोपली असताना, जमीन फाटली. मृतांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितला जातो. माणसे भूकंपाने कमी आणि माळवदांनी जास्त मारली. मातीत रचलेल्या दीड-दोन हात रुंद दगडी भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यावर दरवर्षी चढत गेलेला मातीचा थर. उन्हाळ्यात गार राहणारे तेच घर त्या पहाटे कबर झाले. नंतर देशाचा भूकंप-नकाशा बदलला. २००२ च्या मानकांत तो सर्वांत सुरक्षित पट्टाच काढून टाकण्यात आला.

किल्लारीनंतर मराठवाड्यात भुईखालच्या आवाजाचा अर्थ कायमचा बदलला. शेषनाग आणि साखळदंड मागे पडले. आता आवाज आला की लोक 'किल्लारी' हा एकच शब्द उच्चारतात. लोककथा आपल्या डोळ्यांदेखत कशी बदलते, याचे याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही. २००७ च्या सुमारास नांदेड शहरात आवाजांसह बारीक धक्क्यांची मालिका झाली, तेव्हा शहरी, शिकलेली माणसेही रात्री रस्त्यावर येऊन बसली. सप्टेंबर २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरीत आवाज येऊ लागले. हासोरी किल्लारीपासून तीसेक किलोमीटरांच्या आत, त्यामुळे तिथली धास्ती समजण्यासारखी होती. तिथे पथके आली, यंत्रे लागली आणि गावाने ऐकलेल्या आवाजामागे खरोखरच सौम्य धक्के असल्याचे दिसले. हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यातले पांगरा शिंदे आणि भोवतालची गावे कित्येक वर्षे भूगर्भातील आवाजांविषयी सांगत होती. २१ मार्च २०२४ च्या सकाळी सहाच्या सुमारास त्या जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, पाठोपाठ ३.६ चा. १० जुलैला पुन्हा ४.५ चा. नांदेड-परभणीपर्यंत भांडी वाजली.

पालघरची गोष्ट वेगळ्या समाजाची आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात, धुंदलवाडीच्या परिसरात, हजारो छोटे धक्के नोंदले गेले. १ फेब्रुवारी २०१९ च्या धक्क्याची तीव्रता चारच्या वर होती. तिथल्या वारली पाड्यांत कुडाच्या भिंतींची हलकी घरे जिथे उरली होती, तिथे धोका कमी होता. विटा-सिमेंटची, पण बांधणीत कच्ची घरे मात्र तडकली. लोकांनी थंडीत तंबूत रात्री काढल्या. तिथेही आवाजाची वर्णने मराठवाड्यासारखीच होती, फक्त भाषा वेगळी.

हे आवाज बहुतेकदा पावसाळ्यानंतरच का वाढतात? मुरलेले पाणी भेगांतून खोल उतरते, भेगेतल्या पाण्याचा दाब वाढतो आणि आधीच ताणाखाली असलेली भेग घसरायला सोपी होते, असे स्पष्टीकरण अभ्यासक देतात. द्वीपकल्पातल्या अनेक धक्का-मालिका पावसाच्या अखेरीस किंवा नंतर सुरू झाल्या, या निरीक्षणाशी ते जुळते. पण पाणी ताण निर्माण करत नाही. साठलेल्या ताणाला ते फक्त वाट करून देते. धरणाचेही तसेच.

सगळेच आवाज भूकंपाचे नसतात, हेही गावाने लक्षात ठेवावे. बांधीव विहिरीत आणि बोअरमध्ये पाणी चढले की कोंडलेली हवा शिट्टीसारखी किंवा घुमत बाहेर पडते. तो आवाज एकाच जागी येतो आणि तासन्‌तास टिकतो. खाणीतले सुरुंग बहुधा ठरलेल्या वेळी उडतात. लढाऊ विमानाने ध्वनीचा वेग ओलांडला की होणारा कडाका आकाशातून येतो, पण घरात बसलेल्याला तो जमिनीतून आल्यासारखा वाटतो. तो मात्र एकाच वेळी कित्येक तालुक्यांत ऐकू येतो. शेजारच्या गावांना फोन लावले तर फरक पाच मिनिटांत कळतो. दूरवर सर्वांनी ऐकला तर आकाशातला, तुमच्याच गावाने ऐकला तर भुईतला, असा ढोबळ हिशेब धरता येतो.

एका आवाजाबाबत मात्र हिशेब करत बसू नये. सह्याद्रीच्या उतारावर, मुसळधार पावसात, वरच्या डोंगरातून घरघर, झाडे मोडल्याचा कडकडाट किंवा दगड एकमेकांवर आपटल्याचा आवाज आला तर तो दरड सुटण्याचा आवाज असू शकतो. ३० जुलै २०१४ ला माळीण आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी दरडीखाली गेली. अशा आवाजाला पहिले आणि एकमेव उत्तर म्हणजे घर सोडून उताराच्या वाटेतून बाजूला होणे.

राहिला तो प्रश्न जो प्रत्येक गाव विचारते: हा आवाज मोठ्या भूकंपाची सूचना आहे का? नांदेडला मोठा भूकंप आला नाही, भातशाला आला नाही. किल्लारीला आला. आवाज चालू असताना यांतले कोणते घडणार हे आज कोणतेही शास्त्र सांगू शकत नाही. मेक्सिकोतल्या ग्वानाह्वातो या चांदीच्या खाणींच्या शहरात १७८४ च्या जानेवारीत महिनाभराहून अधिक काळ जमिनीखाली मेघगर्जना चालू होती. प्रवासी शास्त्रज्ञ हम्बोल्टने लिहून ठेवले आहे की शहर सोडून जाणाऱ्या श्रीमंतांना दंड आणि गरिबांना कैद अशी फर्माने काढली गेली. भूकंप आला नाही. पण अधिकाऱ्यांचा अंदाज खरा ठरला म्हणून त्यांना ते कळत होते असे होत नाही. 'काही होणार नाही' हे वाक्य चावडीवर कोणीच उच्चारू नये. 'काय होईल ते सांगता येत नाही, घर मात्र बळकट करता येते' हे वाक्य खरे आहे आणि ते प्रत्येक भेटीत सांगितले पाहिजे. माळवदावरची जादा माती उतरवणे, भिंतींना छताच्या खाली सलग पट्टा बांधणे, दगडी भिंतीत आरपार जाणारे बांधदगड घालणे, अंथरूण जड फळीखालून हलवणे, यातले बहुतेक काम गावातला गवंडीच करू शकतो.

स्कॉटलंडमध्ये कॉम्री नावाचे लहान गाव आहे. तिथे १८३९ मध्ये भुईखालचे आवाज आणि धक्के वाढले, तेव्हा गावचा पोस्टमास्तर पीटर मॅकफार्लेन आणि चांभार जेम्स ड्रमंड यांनी दर धक्क्याची नोंद करायला सुरुवात केली. त्या गावाच्या निमित्ताने ब्रिटनमध्ये भूकंप मोजण्याची समिती नेमली गेली, नवी उपकरणे घडवली गेली, 'सिस्मोमीटर' हा शब्द तयार झाला. सुरुवातीला त्या दोघांकडे यंत्र नव्हते. कान आणि वही होती.

आपल्या ज्या ज्या गावात भुईखालून आवाज येतो, तिथल्या ग्रामपंचायतीने एक जाड वही घ्यावी आणि ती शाळेत किंवा पोलीस पाटलांच्या घरी ठेवावी. तारीख, घड्याळातली वेळ, आवाज की हादरा की दोन्ही, आधी काय आले, किती सेकंद टिकले, कोणत्या वस्तीला ऐकू आले आणि कोणत्या नाही, त्या आठवड्यात पाऊस किती होता, विहिरीचे पाणी किती हात वर आले, एवढे लिहावे. म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेल्या जुन्या आठवणीही तिथेच, त्यांच्या शब्दांत, शेषनागासकट लिहाव्यात. दर महिन्याला तिची प्रत तहसील कचेरीत द्यावी आणि पोच घ्यावी. पुढच्या खेपेला गाडीतून उतरणाऱ्या साहेबांपुढे ती वही ठेवावी आणि ती वाचून होईपर्यंत त्यांना चहा द्यावा.